नाव आणि नामधारी : रोल्स-रॉइस कंपनीच्या इतिहासाचा एक विचार

१

मोटारगाड्यांच्या कारखान्याचा इतिहास हा भाषाभ्यासकाच्या अधिकारातील विषय नव्हे, अशी शंका प्रस्तुत लेखाचे शीर्षक पाहताच वाचकांच्या मनात उद्भवेल. ती अगदीच अनाठायी आहे असे नाही. इंजिनाची रचना किंवा भांडवलाची उलाढाल यांविषयी अधिकारवाणीने बोलणे प्रस्तुत लेखकास शक्य नाही, आणि तसा हेतूही नाही. परंतु इंग्लंडमधील रोल्स-रॉइस या सुप्रसिद्ध कंपनीच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, तो भाषाशास्त्रातील एका जुन्या वादाचा प्रत्यक्ष प्रयोगच होय. १९९८ साली ही कंपनी विकली गेली तेव्हा कारखाना एकाकडे गेला आणि नाव दुसऱ्याकडे गेले. वस्तू आणि तिचे नाव यांची अशी रोखठोक वाटणी, तीही किंमत ठरवून, क्वचितच झाली असेल.

विशेषनामाला अर्थ असतो की नाही, हा तो जुना वाद होय. जॉन स्ट्युअर्ट मिल याने तर्कशास्त्रावरील आपल्या १८४३ च्या ग्रंथात असे मत मांडले की, विशेषनाम हे केवळ खुणेसारखे असते. ते वस्तू दाखविते, तिचे गुण सांगत नाही. त्यासाठी त्याने डार्टमथ या गावाचे उदाहरण घेतले. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून गावाला ते नाव पडले हे खरे. परंतु उद्या वाळू साचून नदीचे मुख गावापासून दूर सरले, तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. आपल्याकडेही पतंजलीने शब्दांचे जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार वर्ग मानले. यदृच्छाशब्द म्हणजे ठेवणाऱ्याच्या इच्छेने ठेवलेले नाव. वस्तूच्या ठिकाणी त्याला दुसरा आधार लागत नाही. या मतांची कसोटी रोल्स-रॉइसच्या इतिहासावर लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

नावातील दोन माणसे जितकी परस्परभिन्न, तितकी क्वचितच एका भागीदारीत आली असतील. फ्रेडरिक हेन्री रॉइस याचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी पीटरबरोजवळील ऑलवॉल्टन या खेड्यात एका गिरणीवाल्याच्या घरी झाला. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. वृत्तपत्रे विकणे, तारा पोहोचविणे अशी कामे त्याने लहानपणीच केली. एका नातलग स्त्रीच्या साहाय्याने त्याला रेल्वेच्या कर्मशाळेत उमेदवारी मिळाली, पण पैसे संपल्यामुळे तीही अर्धवट राहिली. १८८४ साली अर्नेस्ट क्लेअरमाँट याच्यासह त्याने मँचेस्टर येथे विजेच्या उपकरणांचा लहानसा कारखाना काढला. त्यातून पुढे डायनामो आणि विजेवर चालणाऱ्या याऱ्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याने एक जुनी फ्रेंच मोटारगाडी विकत घेतली. तिच्या दोषांनी असमाधान वाटून त्याने स्वतःच तीन गाड्या बांधावयास घेतल्या. त्यांतील पहिली १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. पुढे लौकिक मिळाला तरी रॉइस स्वतःस यंत्रकारागीरच म्हणवीत असे.

चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्स हा लॉर्ड लँगॅटॉक या उमरावाचा तिसरा मुलगा. त्याचा जन्म १८७७ चा; शिक्षण ईटन आणि केंब्रिज येथे झालेले. मोटारींच्या शर्यती, बलून, पुढे विमान, असे त्याचे छंद होते. आणि लंडनमध्ये परदेशी गाड्या आणून श्रीमंतांना विकणे हा त्याचा व्यवसाय होता. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात या दोघांची भेट झाली. रॉइसच्या गाडीचे इंजिन दोनच सिलिंडरांचे होते, आणि तशा इंजिनांविषयी रोल्सचे मत अनुकूल नव्हते. तथापि गाडीचा संथ, निःशब्द वेग अनुभवून ते बदलले. २३ डिसेंबर १९०४ च्या कराराने असे ठरले की, रॉइसने बांधलेल्या गाड्या रोल्सने विकावयाच्या आणि त्यांस रोल्स-रॉइस असे नाव द्यावयाचे. १५ मार्च १९०६ रोजी त्याच नावाची मर्यादित कंपनी स्थापन झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे नाव कोणाच्या तोंडी सहज रुळलेले नव्हे. ते करारातील एक कलम म्हणून जन्मास आले. व्याकरणदृष्ट्या हा इतरेतर द्वंद्व समास होय. संस्कृत वैयाकरणांच्या मते द्वंद्वात ज्या पदात स्वर कमी ते आधी येते, आणि जे अधिक मान्य तेही आधी येते. प्रस्तुत दोन्ही पदे एकेका स्वराची असल्यामुळे पहिला नियम येथे निर्णय देऊ शकत नाही. दुसरा मात्र तंतोतंत लागू पडतो : बांधणारा मागे राहिला, विकणारा उमरावपुत्र पुढे आला. इंग्रजीस हा नियम ठाऊक नसला, तरी त्यामागील समाजव्यवहार तिकडेही निराळा नव्हता. क्लॉड जॉन्सन हा तिसरा गृहस्थ कंपनीचा सारा व्यवहार पाहत असे. या दोन नावांमधील जोडरेघ ती हाच, असे त्याच्याविषयी म्हटले जाई.

३

नाव ठेवले म्हणजे त्याला अर्थ येतोच असे नाही. तो मिळवावा लागतो. १९०६ साली कंपनीने ४०/५० अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची नवी गाडी लोकांपुढे मांडली. त्या जातीची एक गाडी जॉन्सनने रुपेरी रंगाने रंगविली, तिच्या कड्याकोयंड्यांना चांदीचा मुलामा दिला आणि तिला ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असे नाव दिले. १९०७ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ही गाडी १५,००० मैल चालविण्यात आली. ६२९ मैलांवर इंधनाची तोटी हादऱ्याने बंद झाल्यामुळे ती एकदा थांबली. त्यापुढील १४,३७१ मैल ती आपण होऊन एकदाही थांबली नाही. मोटारगाडी घरी परत येईलच अशी खात्री कोणी देत नसे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

‘सिल्व्हर घोस्ट’ हे मुळात त्या एकाच गाडीचे विशेषनाम होते. लोकांनी ते त्या जातीच्या सर्व गाड्यांना लावले, आणि १९२५ साली ‘फँटम’ ही नवी गाडी आल्यानंतर कंपनीनेही मागील सर्व ४०/५० गाड्यांना तेच नाव मान्य केले. व्यक्तिवाचक नाम जातिवाचक होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही. पुढील नावांतही तोच ध्वनी कायम राहिला : फँटम, रेथ, सिल्व्हर क्लाउड, सिल्व्हर शॅडो. पिशाच, छाया, ढग, ही सारी अशरीरी आणि आवाज न करणारी. गाडीचा मुख्य गुण निःशब्दता हा असल्यामुळे नावांचे हे सारे कुल एकाच कल्पनेतून निघाले. १९६५ च्या ‘शॅडो’ला प्रथम ‘मिस्ट’, म्हणजे धुके, असे नाव देण्याचा विचार होता. परंतु जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ शेण असा होत असल्यामुळे तो सोडून द्यावा लागला, असे सांगतात. नावाला अर्थ नसतो असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्राचाही या आरंभकाळाशी थोडा संबंध आला आहे. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाची एक सिल्व्हर घोस्ट गाडी मुंबईस आणण्यात आली. मुंबई-कोल्हापूर मार्गावर घेतलेल्या ६२० मैलांच्या कसोटीत ती सह्याद्रीचे घाट चढून-उतरून यशस्वी झाली, आणि त्यानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. पुढे संस्थानिकांच्या मोटारखान्यांत या गाड्यांची संख्या इतकी वाढली की, त्यांविषयी दंतकथाही निर्माण झाल्या. लंडनच्या दुकानात अपमान झाल्यामुळे एका महाराजांनी अनेक रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन त्यांस शहराचा केरकचरा वाहावयास लाविले, ही कथा वाचकांच्या कानांवर आली असेल. ती कधी अलवारच्या महाराजांविषयी सांगतात, कधी भरतपूरच्या, कधी पतियाळाच्या, तर कधी हैदराबादच्या निजामाविषयी. नायक बदलतो आणि कथानक तेच राहते, यावरून ती इतिहास नसून लोककथा आहे हे उघड होते. परंतु लोककथेलाही अधिष्ठान लागते. ऐकणाऱ्याच्या मनात त्या नावाला परमवैभव असा अर्थ आधीच आलेला नसता, तर केर वाहण्यात कसलाच सूड नव्हता.

४

आता नावाचे मूळ धनी कोठे गेले ते पाहू. रोल्सचे लक्ष लवकरच विमानविद्येकडे वळले. जून १९१० मध्ये त्याने इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली, आणि १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो मृत्यू पावला. पुढील वर्षी रॉइस गंभीर आजारी पडला. त्यानंतर डर्बी येथील कारखान्यात नित्याचा वावर त्याने केला नाही. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील आणि एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील घरी बसून तो आराखडे तयार करी आणि ते डर्बीस पाठवी. २२ एप्रिल १९३३ रोजी तोही वारला. म्हणजे कंपनी सात वर्षांची होण्याच्या आतच नावातील एक माणूस हयात नव्हता आणि दुसरा कारखान्यात नव्हता. नाव मात्र दिवसेंदिवस मोठे होत होते.

गाडीच्या अग्रभागी दिसणाऱ्या पंखधारी स्त्रीमूर्तीची कथाही अशीच आहे. ती १९११ साली चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडविली. तीस एलिनॉर थॉर्नटन ही स्त्री आदर्श म्हणून होती, असे मानले जाते. ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘पर्शिया’ हे मुंबईस येणारे जहाज जर्मन पाणबुडीने भूमध्यसमुद्रात बुडविले, त्यात तिचा अंत झाला. मुंबईचा किनारा तिला दिसला नाही. तिची प्रतिमा मात्र मुंबईच्या रस्त्यांवरून पुढे अनेक वर्षे फिरत राहिली.

पहिल्या महायुद्धात कंपनी विमानांची इंजिने करू लागली. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक महासागर प्रथम न थांबता विमानाने ओलांडला, तो तिच्या ‘ईगल’ इंजिनांच्या बळावर. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर आणि हरिकेन ही विमाने तिच्या ‘मर्लिन’ इंजिनावर उडाली. येथेही नामकरणाची एक शिस्त होती : दट्ट्यांच्या इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे, आणि पुढे झोतयंत्रे आली तेव्हा वाहता झोत म्हणून त्यांस डरवेंट, नीन, एव्हन अशी नद्यांची नावे. मर्लिनसाठी क्रू येथे १९३८ साली नवा कारखाना उभारला गेला, आणि युद्धानंतर १९४६ पासून मोटारी तेथेच बनू लागल्या.

दरम्यान कंपनीने आणखी एक नाव मिळविले होते. १९३१ साली बेंटली ही प्रतिस्पर्धी कंपनी बुडाली. एका मध्यस्थ संस्थेने ती विकत घेतली, आणि खरा खरेदीदार रोल्स-रॉइस हा आहे हे मागाहून उघड झाले. त्या कंपनीचा संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यास काही काळ नव्या मालकाची चाकरी करावी लागली. १९३५ साली तो तेथून निघाला, पण मोटारगाडीला आपले आडनाव देण्याचा अधिकार त्याजपाशी उरला नव्हता. जन्माने मिळालेले नाव विक्रीत गेले. रोल्स-रॉइसने येथे दुसऱ्याच्या बाबतीत जे केले, ते सदुसष्ट वर्षांनी तिच्याही वाट्यास आले.

५

१९६८ साली कंपनीने लॉकहीड या अमेरिकन कंपनीच्या विमानासाठी आर.बी. २११ हे नवे झोतयंत्र ठरलेल्या किमतीत करून देण्याचा करार केला. खर्च अंदाजाबाहेर गेला. कर्बतंतूंची पाती पक्षी आदळण्याच्या परीक्षेत टिकली नाहीत आणि ती टायटॅनियमची करावी लागली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीवर रिसीव्हर नेमला गेला. निष्णात कामगारांची घरे आणि सामान्य भागधारकांची पुंजी ज्या नावाच्या विश्वासावर उभी होती, ते नाव दिवाळखोरांच्या यादीत आले. खासगी उद्योगांत हस्तक्षेप न करण्याचे धोरण सांगणाऱ्या हीथ सरकारनेच विमानयंत्रांचा भाग सरकारी मालकीत घेतला. मोटारींचा विभाग फायद्यात होता. १९७३ साली तो वेगळा करण्यात आला. मात्र या विभाजनात नावावरील अंतिम अधिकार विमानयंत्रांच्या कंपनीकडेच राहिला. मोटारवाल्यांना ते नाव वापरण्याची परवानगी मिळाली, मालकी नव्हे. हा तपशील त्या वेळी कोणास महत्त्वाचा वाटला नसावा.

१९८० साली मोटार-कंपनी व्हिकर्स यांच्याकडे गेली, आणि १९९८ साली व्हिकर्सनी ती विक्रीस काढली. बीएमडब्ल्यू आणि फोक्सवागेन या दोन जर्मन कंपन्यांत चुरस लागली. बीएमडब्ल्यूने ३४ कोटी पौंड देऊ केले. फोक्सवागेनने ४३ कोटी पौंड देऊन ती जिंकली. तिला क्रूचा कारखाना मिळाला, आराखडे मिळाले, कारागीर मिळाले, बेंटली हे नाव मिळाले. गाडीच्या जाळीचा आकार आणि ती पंखधारी मूर्तीही मिळाली. एकच गोष्ट मिळाली नाही, ती म्हणजे रोल्स-रॉइस हे नाव. ते विमानयंत्रांच्या कंपनीने ४ कोटी पौंडांस बीएमडब्ल्यूला दिले. एकाकडे मूर्ती आणि देऊळ, दुसऱ्याकडे देवाचे नाव, असा पेच पडला. अखेर तडजोड झाली : २००२ च्या अखेरपर्यंत फोक्सवागेनने क्रू येथे त्या नावाच्या गाड्या बनवाव्यात आणि १ जानेवारी २००३ पासून नाव, जाळी आणि मूर्ती ही सर्व बीएमडब्ल्यूकडे जावीत. ससेक्समधील गुडवुड येथे नवा कारखाना उभा राहिला, आणि त्या दिवशी मध्यरात्र उलटताच नवी ‘फँटम’ तेथून पहिल्या ग्राहकास देण्यात आली.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १ जानेवारी २००३ रोजी रोल्स-रॉइस कोण होते? कारागिरीची परंपरा आणि अर्धशतकाहून अधिक काळाची जागा क्रूकडे होती, पण तेथे ते नाव उच्चारण्याची मुभा नव्हती. नाव गुडवुडकडे होते, पण त्या भिंतींना भूतकाळ नव्हता. नावाचा मूळ अधिकार डर्बीच्या विमानयंत्रे करणाऱ्यांकडे होता, आणि ते मोटारी करीत नव्हते. वारस तीन, आणि तिघांचाही हक्क काही अंशी खरा.

भाषिक व्यवहाराने मात्र या प्रश्नाचा निकाल तत्काळ दिला. लोक गुडवुडच्या गाडीलाच रोल्स-रॉइस म्हणू लागले, आणि त्यात कोणास विसंगती वाटली नाही. मिलचे अर्धे म्हणणे येथे सिद्ध होते : नदी हटली, पण डार्टमथ हे डार्टमथच राहिले. परंतु उरलेले अर्धे येथेच खोटे ठरते. नाव जर निव्वळ खूण असते, तर तिच्यासाठी कोणी ४ कोटी पौंड मोजले नसते. १५,००० मैलांची कसोटी, घाट चढणारी गाडी, युद्धातील विमाने, केर वाहणाऱ्या गाड्यांची खोटी कथा, हे सारे त्या दोन अक्षरी पदांत साचले होते, आणि त्याचेच ते मोल होते. यदृच्छेने ठेवलेले नाव वापराने योगरूढ होते. गाडीपुरतेच नव्हे, कोणत्याही जातीतील सर्वोत्तम वस्तूला ‘तिच्यातील रोल्स-रॉइस’ म्हणण्यापर्यंत त्याची मजल जाते.

आपल्या परंपरेत या व्यवहाराला जवळचा असा एक शब्द आहे, तो म्हणजे दत्तविधान. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घराचे नाव टाकतो आणि नव्या घराचे नाव, कुलधर्म व जबाबदारी पत्करतो. गुडवुड हे रोल्स-रॉइसचे दत्तक पुत्र होय. क्रू हे औरस असून बेंटलीच्या घराण्यात दिले गेले. १९०८ साली ज्या कोल्हापूरच्या वाटेवर त्या गाडीची परीक्षा झाली, तेथील गादीवरील शाहू महाराज हेही १८८४ साली दत्तक आले होते, आणि त्यांनी त्या गादीच्या नावास काय मोठेपण आणले ते महाराष्ट्र जाणतो. दत्तकपणा हा म्हणून खोटेपणा नव्हे. परंतु तो नाव घेतल्याने पुरा होत नाही. नावास साजेसे करून दाखवावे लागते. बीएमडब्ल्यूलाही नाव मिळाल्यावर गाडी नव्याने बांधावीच लागली.

इतिहासलेखकाने यातून एक सावधगिरी घ्यावी असे वाटते. एकच नाव आढळले म्हणजे एकच वस्तू अखंड चालत आली, असे आपण नकळत गृहीत धरतो. घराणी, संस्था, पीठे, वृत्तपत्रे, एवढेच काय भाषांच्या बाबतीतही हे घडते. नाव सलग असते. त्याखालची माणसे, जागा आणि कसब मात्र तुटत, सुटत, हस्तांतरित होत असतात. नावाच्या धन्याचा इतिहास सहज लिहिला जातो, कारण नाव स्वतःच त्याची साक्ष देते. ज्यांच्या हातांनी नावाला अर्थ आला आणि ज्यांना ते नाव पुढे लावता आले नाही, त्या क्रूच्या कारागिरांचा इतिहास मात्र शोधून लिहावा लागतो. १९०४ च्या करारात बांधणाऱ्याचे नाव मागे का होईना, पण आले होते. १९९८ च्या व्यवहारात बांधणाऱ्यांचे नाव कोठेच आले नाही. या दोन करारांतील हे अंतर मोजणे, हेच या कंपनीच्या इतिहासाचे खरे काम होय.